उपाहारगृहांची स्वच्छता आणि कीडनियंत्रण : वाराणसीच्या गल्ल्यांतील अर्थशास्त्र

काशीयात्रेला जाणाऱ्या मराठी माणसाच्या निवासाची व भोजनाची व्यवस्था एके काळी ठरलेली असे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या महाराष्ट्रीय क्षेत्रोपाध्यायांच्या घरी यात्रेकरू उतरत. उपाध्यायांच्या वहीत आजोबांचे नाव, गाव व गोत्र नोंदलेले असे आणि नातू आला की त्याच वहीत भर पडत असे. यात्रेकरू आयुष्यात एकदाच येत असला, तरी त्याचे कुटुंब पुन्हा पुन्हा येत असे. यजमानाचे अन्नपाणी नीट सांभाळले नाही, तर पुढची पिढी दुसऱ्या दारी जाण्याचा धोका होता. ती वही केवळ वंशावळ नव्हती. एकदाच येणाऱ्या ग्राहकालाही ‘कायमचा ग्राहक’ बनविणारी ती एक आर्थिक संस्था होती.

आज चित्र वेगळे आहे. १३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले आणि सुमारे तीन हजार चौरस फुटांचा मंदिर परिसर सुमारे पाच लाख चौरस फुटांचा झाला. भाविकांची संख्याही वाढली. बहुतेक जण एक-दोन रात्री राहतात, गोदौलिया ते दशाश्वमेध या रस्त्यावर किंवा आतील गल्लीत जेवतात आणि परततात. त्याच हॉटेलात पुन्हा येण्याची शक्यता नगण्य असते. ग्राहकाला टेबल दिसते, भटारखाना दिसत नाही. साल्मोनेलासारख्या जंतूची बाधा झाली, तर लक्षणे साधारण ६ ते ७२ तासांनी दिसतात. तोवर महानगरी एक्सप्रेसने इटारसीही ओलांडलेले असते. दोष कोणत्या ताटाचा, हे मग कोणी सांगावे? विक्रेत्याला माहीत असलेली गुणवत्ता खरेदीदाराला कळत नसेल, तर चांगला माल बाजारातून मागे हटतो, असे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखविले. तीर्थक्षेत्रातील भोजनालय हे त्याचे जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरण होय. म्हणूनच येथे कायद्याची गरज इतर शहरांहून अधिक भासते.

कायद्याची चौकट

१९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याचा मुख्य भर भेसळीवर होता. त्याची जागा घेणारा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ मध्ये संमत झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांनी वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या छोट्या व्यावसायिकास नोंदणी आणि त्यावरील व्यावसायिकास परवाना आवश्यक ठरविला. या विनियमांची चौथी अनुसूची प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची असून, तिचा पाचवा भाग खानपान सेवेसाठी आहे. खिडक्यांना व झरोक्यांना जाळी असावी, अन्नसाठा जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवावा, कीटकनाशके अन्नापासून पूर्णपणे वेगळी ठेवावीत आणि कोणते औषध कोणत्या दिवशी वापरले याची नोंद ठेवावी, अशा तरतुदी या अनुसूचीत आहेत. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार करणाऱ्यास कलम ५६ नुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तत्पूर्वी कलम ३२ खाली सुधारणा नोटीस देण्याची सोय आहे. नोटिशीचे पालन न झाल्यास परवाना निलंबित आणि पुढे रद्द करता येतो. दंडापेक्षा ही पायरी अधिक परिणामकारक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण हंगामात पंधरा दिवस बंद राहण्याची भीती दंडाच्या रकमेहून मोठी असते.

नोंदवहीच्या तरतुदीकडे विद्यार्थी सहसा दुर्लक्ष करतात. कीड मारणारे औषध हेही विषच आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील धर्मासती गंडामन या गावी शाळेतील मध्यान्ह भोजनानंतर २३ मुलांचा मृत्यू झाला. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. तेथे उंदीर-झुरळांचा प्रश्न नव्हता. विष आणि अन्न यांच्यातील अंतर राखले गेले नव्हते. कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांनाही कीटकनाशके अधिनियम, १९६८ खालील १९७१ च्या नियमांनी परवाना आवश्यक केला, त्यामागील हेतू हाच होता. बाजारातून सुटी पावडर आणून रात्री ओट्याखाली टाकणारा आचारी कायदा तर मोडतोच, शिवाय सकाळच्या पिठाशीही खेळ करतो.

वर्षातून एक भेट, दहा दिवसांत एक पिढी

नोंदणीकृत छोट्या व्यवसायांची तपासणी वर्षातून किमान एकदा व्हावी, अशी अपेक्षा २०११ च्या विनियमांत नमूद होती. आता निसर्गाचे वेळापत्रक पाहू. उष्ण हवामानात घरमाशीची अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतची अवस्था सात ते दहा दिवसांत पूर्ण होते. भटारखान्यातील लहान, तपकिरी झुरळाची मादी तीस ते चाळीस अंड्यांची कुपी पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारापर्यंत अंगावरच वागविते. कुपीच्या आवरणामुळे फवारणी अंड्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून एका फवारणीने काम भागत नाही. (या जातीला ‘जर्मन झुरळ’ म्हणतात; परंतु तिचा उगम दक्षिण आशियात सुमारे २,१०० वर्षांपूर्वी झाला, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले. नाव जर्मनीचे, कुळ आपल्याकडचे!) घरातील उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत शिरतो. घूस मात्र जमीन पोखरते आणि जुन्या विटांच्या गटारांत तिला मोकळे रान मिळते.

वाराणसीत अशा जुन्या गटारांची वाण नाही. मोगलकालीन समजला जाणारा शाही नाला आहे. १८२० च्या दशकात जेम्स प्रिन्सेप याने साचलेल्या पाण्याचा निचरा व्हावा म्हणून भुयारी नाला बांधविला. त्यावर पुढच्या पिढ्यांनी आपापली भर घातली. भाद्रपदात गंगा घाटांच्या पायऱ्या गिळते, बिळांत पाणी शिरते आणि उंदीर-घुशी वरच्या वस्तीकडे सरकतात. नदीकाठच्या कोणत्याही शहरात हेच घडते. फरक एवढाच की येथे वरची वस्ती म्हणजे भिंतीला भिंत लागलेली घरे, मठ, धर्मशाळा आणि भोजनालये. काशीची मातीच्या कुल्हडची व द्रोण-पत्रावळीची पद्धत खाणाऱ्याच्या दृष्टीने उत्तम आहे, कारण भांडे एकदाच वापरले जाते. पण संध्याकाळी त्यांचा उष्ट्यासह जो ढीग पडतो, तो रात्रभर राहिला तर गल्लीतील सर्व उंदरांची पंगत बसते.

साखळीची कमकुवत कडी

येथे मूळ मुद्दा येतो. समजा, एका गल्लीत दहा भटारखाने आहेत. कीडनियंत्रणाचा खर्च प्रत्येकी दरमहा २,००० रुपये आहे. दहाही जणांनी तो केला, तर वाया जाणारे धान्य व गमावलेले ग्राहक यांतील प्रत्येकाची बचत ५,००० रुपये होते; निव्वळ लाभ ३,००० रुपये. एकाने जरी टाळले, तर उंदीर तेथे आश्रय घेऊन काही दिवसांनी परततात आणि खर्च करणाऱ्याची बचत १,५०० रुपयांवर येते. म्हणजे ५०० रुपये तोटा. टाळणाऱ्याची बचत शून्य, खर्चही शून्य. (आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.)

हा नेहमीचा ‘फुकट लाभार्थी’ प्रश्न नाही. सर्व जण खर्च करीत असतील, तर एकट्याने टाळण्यात त्याचेच ३,००० रुपये बुडतात. उलट कोणीच करीत नसेल, तर एकट्याने करण्यात तोटाच आहे. दोन्ही स्थिती आपापल्या जागी स्थिर राहतात. जॅक हर्शलायफर यांनी १९८३ मध्ये अशा सार्वजनिक हिताला ‘सर्वांत कमकुवत कडी’ची उपमा दिली होती. येथे व्यावसायिकाला हवी असते ती शेजारीही करील याची खात्री. दंड ती खात्री अंशतःच देतो, कारण तो एका परवानाधारकावर पडतो. दुष्परिणाम मात्र गल्लीचा असतो. गोदौलियाजवळच्या एका भोजनालयाच्या चालकाने मला कीडनियंत्रणाच्या पावत्यांची जाडजूड फाईल दाखविली होती. फाईल निर्दोष होती. ती ठेवलेल्या कपाटामागे भिंतीला भोक होते आणि ते शेजारच्या चौकात उघडत होते.

जबाबदारीच्या वाटणीतही हीच अडचण आहे. ‘अन्नपदार्थांतील भेसळ’ हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील १८ वा विषय. त्यामुळे अन्नसुरक्षेचा कायदा केंद्राचा, अंमलबजावणी राज्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे. सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा राज्य सूचीतील सहावा विषय. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापन हे विषय नगरपालिकांच्या कक्षेत आले. परिणामी, उंबरठ्याच्या आत अन्न सुरक्षा अधिकारी आणि बाहेर महानगरपालिका, अशी विभागणी झाली. घुशीला ही सूची ठाऊक नसते. अधिकाऱ्याने जाळी तपासली त्या दिवशी कचऱ्याची गाडी आली नसेल, तर जाळीचा उपयोग मर्यादितच.

माहितीचा उपाय आणि गल्लीचा उपाय

ग्राहकाला माहिती देणे हा एक उपाय मानला जातो. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परगण्याने १९९८ पासून उपाहारगृहांच्या दारावर तपासणीची श्रेणी लावणे सुरू केले. २००३ मध्ये जिन व लेस्ली या अर्थतज्ज्ञांनी त्यामुळे स्वच्छता सुधारून अन्नबाधेचे रुग्ण घटल्याचे दाखविले आणि हा निष्कर्ष जगभर उद्धृत झाला. २०१९ मध्ये डॅनियल हो व सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून रुग्णघटीचा निष्कर्ष टिकत नसल्याचे म्हटले. उत्तर लिहिताना पहिला अभ्यास सांगून दुसरा गाळू नये. भारतात प्राधिकरणाची स्वच्छता श्रेणी योजना ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. ज्याचा भटारखाना वाईट आहे, तो स्वेच्छेने कशाला पुढे येईल? १ जानेवारी २०२२ पासून बिलावर १४ अंकी परवाना अथवा नोंदणी क्रमांक छापणे मात्र बंधनकारक झाले. गावी परतलेल्या यात्रेकरूला तक्रारीसाठी किमान एक धागा त्यामुळे हाती राहतो.

‘स्वच्छ स्ट्रीट फूड हब’ ही योजना वरील विवेचनाशी अधिक जुळते, कारण तीत प्रमाणपत्र एका दुकानाला नव्हे, तर संपूर्ण खाऊगल्लीला मिळते. २०१८ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलाव परिसराला हा दर्जा प्रथम मिळाला. पुढे इंदूरच्या ‘छप्पन दुकान’ला मिळाला. तेथे कमकुवत कडी कोणती, हे शेजाऱ्यांनाच ठाऊक असते आणि तिच्यावर लक्ष ठेवण्यात त्यांचा स्वार्थ असतो. एकाच दिवशी सर्वांची फवारणी, एकच कचरा वेळ, एकत्रित कंत्राट, असे निर्णय तेथे शक्य होतात.

इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. तथापि इंदूरचा खाऊगल्लीचा नमुना काशीत तसाच उतरविणे सोपे नाही. छप्पन दुकान ही सरळ रांग आहे आणि तेथे सगळेच दुकानदार आहेत. काशीच्या गल्लीत दोन भोजनालयांमध्ये एखादे राहते घर, मठ किंवा वारसांच्या वादात कुलूप लागलेला वाडा असतो. त्या बंद वाड्यात अन्नव्यवसाय नाही, म्हणून परवाना नाही. परवाना नाही, म्हणून अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा तेथे प्रवेश नाही. उपद्रव दूर करण्याची नोटीस महानगरपालिका देऊ शकते, पण चार शहरांत विखुरलेल्या वारसांपैकी ती कोणाच्या हाती द्यायची, हे आधी ठरावे लागते. गल्लीला प्रमाणपत्र देण्यासाठी जी यादी करावी लागेल, तिच्यात भोजनालयांच्या आधी या वाड्यांची नावे यायला हवीत.