वक्रतेपेक्षा मौन अधिक दुखावते

नवजात बालकाला तपासताना आपण हृदयाचे ठोके ऐकतो, टाळू पाहतो, खुब्याचे सांधे चाचपतो. लंगोट मात्र पुष्कळदा घाईतच सोडला-बांधला जातो. जन्मजात शिश्नवक्रता याच घाईत नजरेतून निसटते. पुढे घरात हा विषय कोणी काढत नाही. लग्न ठरल्यावर एखादा तरुण डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसतो, तेव्हा वीस-पंचवीस वर्षे उलटलेली असतात.

ही वक्रता बहुधा हायपोस्पेडियासबरोबर आढळते. या व्यंगात मूत्रछिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूस असते. साधारणपणे २०० ते ३०० मुलग्यांमागे एकास ते असते. क्वचित छिद्र जागेवर असूनही वक्रता असते.

शस्त्रक्रियेसाठी ६ ते १८ महिन्यांचे वय योग्य मानतात. प्रथम खेचून धरणारी त्वचा व तंतू मोकळे करतात. उरलेला बाक सौम्य असल्यास विरुद्ध बाजूस टाके घेऊन तो सरळ करतात. या विचाराचा पाया नेस्बिट यांनी १९६५ मध्ये घातला. बाक ३० अंशांहून बराच अधिक असेल, तर खालची बाजू लांबवून मूत्रमार्ग दुसऱ्या टप्प्यात घडवावा लागतो. मूत्रमार्गाची पट्टी मधोमध चिरून नळी घडविण्याची स्नॉडग्रास यांची १९९४ची पद्धत आज सर्वत्र रूढ आहे.

बहुतेक मुले पुढे उभ्याने, सरळ धारेने लघवी करतात. तथापि काहींना छिद्रातून गळती होते, मार्ग आकसतो, तर काहींचा बाक वयात येताना पुन्हा डोके वर काढतो. म्हणून तारुण्यापर्यंत पाठपुरावा हवा. मोठेपणी टाके घेऊन बाक काढल्यास लांबी थोडी कमी होते, हे रुग्णास आधीच सांगावे.

दोन गोष्टींचे भान ठेवावे. अशा बाळाची सुंता करू नये. तीच त्वचा दुरुस्तीस उपयोगी पडते. आणि दोन्ही वृषण हाती लागत नसतील, तर संप्रेरके व गुणसूत्रे विनाविलंब तपासावीत.

कुंभारवाड्याच्या रानातून बेळगाव, कारवार वा गोव्याची वाट धरणे सोपे नाही. मजुरी बुडते, घरातली जाणती माणसे ‘मोठा झाला की होईल सरळ’ म्हणतात. तो आपोआप सरळ होत नाही. हा दोष आईच्या ग्रहणातल्या वागण्याचा नाही, हेही आपणच सांगायचे असते. त्यासाठी लागतो दोन मिनिटांचा वेळ आणि संकोच नसलेली जीभ.