विहिरीच्या भिंतीवरचा धडा

कारंजा म्हटले की ऐकणारा विचारतो, “कोणते कारंजा?” एक वाशीम जिल्ह्यातले कारंजा (लाड) आणि दुसरे वर्धा जिल्ह्यातले, नागपूर-अमरावती रस्त्यावरचे कारंजा (घाडगे). या दुसऱ्या कारंज्याच्या शिवारात कपाशी आहे, तूर आहे, संत्र्याच्या बागा आहेत. आणि बागा म्हटल्या की विहिरी आल्याच. अशा शिवारात उन्हाळ्यात एका विहिरीला पाणी असते, आणि बांधापलीकडची तितकीच खोल विहीर कोरडी पडते. असे का बरे व्हावे?

याचे उत्तर नशिबात नाही, खडकात आहे. ते शोधणारी विद्या म्हणजे भूविज्ञान. शाळेत या नावाचा वेगळा विषय नसतो. सहावी ते आठवीच्या भूगोलात खडक, मृदा, पृथ्वीचे अंतरंग असे पाठ भेटतात. काही भाग सामान्य विज्ञानात येतो. ‘अग्निज, स्तरित, रूपांतरित’ एवढे पाठ केले की झाले, असे पुष्कळांना वाटते. पण या तासाला पाठांतरापेक्षा डोळे अधिक कामाला येतात. कसे, ते पाहू.

गावात नवी विहीर खणली जात असेल, तर मोठ्या माणसांबरोबर जा आणि काठापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून तिची भिंत निरखा. सर्वांत वर काळी माती दिसेल. ही पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणूनच शेताला भेगा पडतात. मातीत पांढरे चुनखडीचे खडेही सापडतात. त्याखाली मुरूम, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला खडक. आणि त्याखाली काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट.

हा पाषाण आला कोठून? सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर पडला. तो पसरला, थिजला. पुन्हा नवा लाव्हा आला. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आजही या खडकाने सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. कारंजा (घाडगे) त्याच्या पूर्व कडेकडे आहे. नागपूरच्या पूर्वेला हा पाषाण संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक लागतात.

आता आपल्या कोड्याकडे वळू. लाव्हा थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे वर येतात. तव्यावरच्या धिरड्याला जाळी पडते ना, तशी थराच्या वरच्या भागाला जाळी पडते. खालचा भाग मात्र घट्ट राहतो. घट्ट पाषाणात पाणी शिरत नाही. ते साठते मुरमात, जाळीदार झिजलेल्या थरात आणि खडकाच्या फटींत. ज्या विहिरीला असा थर लागला, तिला झरे लागले. जी घट्ट कातळातच उतरली, ती कोरडी राहिली. मग ती आणखी खोल केली तरी पाणी लागेलच असे नाही. घरचा पैसा मात्र जातो. चांगल्या थरातही पावसाचे जेवढे पाणी मुरेल, तेवढेच उपसायला मिळते, हेही विसरू नका.

लाव्हातील सर्वच पोकळ्या रिकाम्या राहात नाहीत. याच जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात गिरड येथे शेख फरीदबाबांची टेकडी आहे. तेथील गोलसर खडे प्रसिद्ध आहेत. बाबांची टवाळी करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांच्या नारळादी मालाचे हे दगड झाले, अशी लोककथा आहे. भूवैज्ञानिक सांगतात, की खडकातून झिरपणाऱ्या पाण्यातील द्रव्ये पोकळ्यांत साचून झिओलाइट नावाची खनिजे बनली. भोवतालचा खडक झिजला आणि या गाठी सुट्या झाल्या. उत्तरे दोन, पण दोन्हींचा आरंभ एकच: कोणीतरी खडा उचलून नीट पाहिला!

तुम्हीही तीन गोष्टी करून पाहा. काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवा व रात्रभर ठेवा. खडे-रेती तळाशी, बारीक माती वर असे थर दिसतील. चुनखडीच्या खड्याची पूड करून तीवर लिंबाचा रस टाका; फसफसून बुडबुडे आले तर तो कार्बन डायऑक्साइड वायू समजा. तिसरी गोष्ट मोठ्यांच्या मदतीनेच करायची: दोरीला वजन बांधून विहिरीतील पाणी काठापासून किती खाली आहे ते मोजा. मे महिन्यात एकदा, ऑक्टोबरात एकदा. तारीख व आकडा वहीत लिहा.

चार-पाच वर्षे अशा नोंदी ठेवल्या, तर विहीर खोल करावी की पाणी जिरवावे, याविषयी घरात बोलणे निघेल तेव्हा तुमच्या वहीतही सांगण्यासारखे काही असेल.