बाळाला वॉर्मर, आईला चादर

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. दवाखान्याच्या आवारात नातेवाईक डोक्यावर ओले रुमाल टाकून बसलेले असतात आणि आत सिझेरियनच्या टेबलावर बाई दात वाजवत सांगते, "माले थंडी वाजी ऱ्हायनी." बाहेरच्यांना ते भीतीमुळे वाटतं. काही अंशी असेलही, पण खरं कारण कमरेतल्या इंजेक्शनात आहे.

मणक्यात भूल दिली की कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात. छाती-पोटातलं गरम रक्त पायांकडे जातं. पाय उबदार लागतात, आतलं तापमान मात्र पहिल्या तासाभरातच अर्धा ते एक अंश उतरू शकतं. ३६ अंशांच्या खाली गेलं, की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यात थिएटरचा एसी, उघडं पोट आणि थंड सलाईन. सलाईनची एक लिटरची बाटली शरीर साधारण पाव अंशाने थंड करते. भूल दिलेले पाय थरथरू शकत नाहीत, म्हणून सगळी हुडहुडी हात, खांदे आणि जबड्यात येते. हात इतके हलतात की रक्तदाबाचं यंत्र आकडा दाखवत नाही. अशी भूल घेतलेल्यांपैकी साधारण निम्म्या रुग्णांना कमी-अधिक कापरं भरतं.

यावरचं नावाजलेलं यंत्र म्हणजे बेअर हगर. अमेरिकेतल्या मिनेसोटाचे भूलतज्ज्ञ स्कॉट ऑगस्टीन यांनी ते १९८० च्या दशकात आणलं. रचना साधी आहे: हवा गाळून तापवणारा पंखा, एक नळी आणि बारीक छिद्रांचं हलकं, फुगणारं पांघरूण. पुढे ऑगस्टीन यांनीच या यंत्राने जंतुसंसर्ग वाढतो असा आरोप केला आणि अमेरिकेत हजारो दावे दाखल झाले. २०१७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने तपासणी करून वापर चालू ठेवायला सांगितलं. जनकानेच स्वतःच्या यंत्राविरुद्ध उभं राहावं, असा योग विरळाच.

सिझेरियनमध्ये खरी अडचण जागेची असते. पोटावर शस्त्रक्रिया चालू, छातीवर बाळ ठेवायचं, मग पांघरूण घालायचं कुठे? नुसते पाय तापवून फारसं साधत नाही. आधीपासून गरम ठेवणं जास्त उपयोगी. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात भुलीआधी १५ मिनिटं आणि नंतर शस्त्रक्रियेभर गरम हवा दिलेल्या बायकांचं तापमान टिकलं, कापरंही कमी भरलं, आणि त्यांची बाळंही जास्त उबदार होती. यंत्र नसलं तरी सलाईन ३७ अंशांपर्यंत गरम करता येतं, आणि एसीचं तापमान वाढवता येतं, ते तर फुकट. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीच्या खोलीत किमान २५ अंश असावेत म्हणते, तेही बाळासाठी. गाऊन-ग्लोव्हजमध्ये घामाघूम होणाऱ्या सर्जनला ते नकोसं वाटतं, आणि रिमोट बहुधा त्याच्याच बाजूने चालतो.

बाळासाठी वॉर्मर आधीच लाल होऊन तयार असतो. आईवर मात्र हिरवी चादर, ती कुडकुडली तर आणखी एक चादर, नाहीतर कापरं थांबवायला ट्रामाडॉलचं इंजेक्शन. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, धुरी द्यायची, हे खान्देशात कुणाला शिकवावं लागत नाही. पण ती ऊब घरी आल्यावर मिळते. ती खरी हवी असते त्या तासाभरात आई आपल्या हाती नसते.

तेव्हा घरातली कुणी सिझेरियनला जाणार असेल, तर मे असो की डिसेंबर, भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी सरळ विचारा: "पेशंटला गरम कसं ठेवणार?" थिएटरच्या दारापर्यंत तिच्या अंगावर चांगलं ब्लँकेट असू द्या. आणि भूल उतरेपर्यंत तिच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी अजिबात ठेवू नका. चटका बसला तरी तिला कळत नाही.