सुडोकू अडले तर अंदाज नको

भूम तालुक्यातील आमच्या ईटसारख्या गावातही वर्तमानपत्रातील सुडोकू हा ज्येष्ठांचा विरंगुळा होऊ शकतो. सोपे कोडे सहज सुटते. कठीण कोडे निम्म्यावर अडते आणि मग अंदाजाने आकडा भरला जातो. एकच चूक पुढे सारे कोडे बिघडवते. अशा वेळी आकडा कोठे येईल यापेक्षा तो कोठे येऊच शकत नाही, हे शोधावे. प्रत्येक रिकाम्या घरात संभाव्य आकडे पेन्सिलने बारीक लिहावेत आणि पुढील तीन रीतींनी खोडत जावे.

जोडी : एका ओळीतील दोन घरांत केवळ ३ आणि ७ हेच आकडे उरले असतील, तर ते त्या दोन घरांचेच झाले. त्या ओळीतील इतर घरांतून ३ व ७ खोडावेत. शेजारी ३, ७, ९ असतील, तर तेथे ९ निश्चित.

चौकटीचा इशारा : नऊ घरांच्या एका चौकटीत ५ हा आकडा एकाच आडव्या ओळीत बसू शकत असेल, तर त्या ओळीच्या चौकटीबाहेरील घरांतून ५ खोडावा.

चार कोपरे : दुसऱ्या आणि सातव्या आडव्या ओळीत ४ साठी केवळ तिसऱ्या व आठव्या उभ्या रांगेतील घरेच उरली असतील, तर त्या दोन उभ्या रांगांतील अन्य घरांतून ४ वगळावा.

याने विस्मरणाचा आजार टळतो का? स्कॉटलंडमध्ये १९३६ साली जन्मलेल्या ४९८ व्यक्तींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बौद्धिक छंद जोपासणाऱ्यांची क्षमता उतारवयात वरच्या पातळीवर आढळली; मात्र त्यानंतरची घसरण त्यामुळे मंदावल्याचे दिसले नाही. म्हणून सुडोकू आनंदासाठी सोडवावे. चालणे, रक्तदाब व साखरेवरील नियंत्रण आणि माणसांतील ऊठबस त्याच्या बदली सोडू नये.

घरच्यांनी उत्तर सांगू नये, "आजोबा, या ओळीत जोडी दिसते का?" एवढेच विचारावे. अक्षर बारीक वाटल्यास कोड्याची मोठी झेरॉक्स काढून द्यावी. मात्र वर्षानुवर्षे सुडोकू सोडवणाऱ्या व्यक्तीला त्याचे साधे नियमच उमगेनासे झाले, किंवा पैशांचा हिशेब व औषधांच्या वेळा चुकू लागल्या, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नये. दृष्टिदोष, ऐकू कमी येणे, थायरॉईड, जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, नैराश्य वा चालू औषधे यांमुळेही असे घडते आणि यांपैकी बहुतेकांवर उपाय आहेत. हा गोंधळ एकाएकी, काही तासांत वा दिवसांत उद्भवला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.