कांदकेचा खजिनदार

१९१० साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ जॉन गार्स्टँग सुदानमध्ये मेरोए येथे उत्खनन करत होते. तिथल्या एका छोट्या मंदिराच्या पायऱ्यांखाली त्यांना ब्राँझचे एक मस्तक सापडले. कपाळावर आलेल्या केसांच्या बटा, काच आणि दगड बसवून केलेले रोखलेले डोळे. ते रोमन सम्राट ऑगस्टसचे होते. इ.स.पू. २५च्या सुमारास, मेरोए ज्याची राजधानी होती त्या कूश राज्याच्या सैन्याने इजिप्तच्या दक्षिण सीमेवरील सायनी, एलेफंटाईन आणि फिले ही ठिकाणे लुटली व सम्राटाचे पुतळे पाडले. त्याच लुटीतले हे शिर असावे. मंदिराची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाचा पाय रोमच्या धन्याच्या डोक्यावर पडावा, अशीच ही जागा निवडलेली दिसते.

या युद्धात कूशचे नेतृत्व करणाऱ्या एका डोळ्याने अंध राणीचा उल्लेख ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने केला आहे. तो तिला ‘कांदके’ म्हणतो. हे तिचे व्यक्तिनाम नव्हे, ती मेरोएच्या राजघराण्यातील पदवी होती. रोमन सेनापती पेट्रोनियसने प्रतिहल्ला करून नापाटा शहर उद्ध्वस्त केले. पण शेवटी सामोस बेटावर कूशच्या वकिलांशी तह झाला आणि ऑगस्टसने त्यांच्यावरील खंडणी माफ केली. रोमशी बरोबरीच्या नात्याने बोलणारे हे राज्य होते. सोने, हस्तिदंत, लोखंड ही त्याची संपत्ती. मेरोएतल्या जुन्या भट्ट्यांच्या मळीचे ढीग आजही दिसतात.

पुढे साठेक वर्षांनी याच दरबारातला एक माणूस ख्रिस्ती इतिहासात प्रवेश करतो. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लूक त्याची ओळख करून देतो: कांदके राणीचा मोठा अधिकारी, तिच्या सगळ्या खजिन्यावरचा मुख्य, आणि खोजा. ग्रीक लेखक त्याच्या देशाला इथिओपिया म्हणत, पण तो देश म्हणजे आजच्या सुदानमधला नाईलकाठ. खोजांना राजवाड्यात मोठी पदे मिळत, कारण त्यांना वारस नसे आणि ते स्वतःची गादी उभी करतील ही धास्तीही नसे. ज्या उणिवेने त्याला दरबारात विश्वासू ठरवले, तीच उणीव यरुशलेमेत त्याच्या आड येणार होती.

हा माणूस उपासनेसाठी यरुशलेमेला गेला होता. मेरोएपासून सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर दीड हजार किलोमीटरहून अधिक भरते. यरुशलेमचा देव नाईलच्या खोऱ्याला अगदीच परका नव्हता. कूशच्या सैन्याने लुटलेल्या त्याच एलेफंटाईन बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकात यहुद्यांची वसाहत आणि मंदिर होते, हे तिथल्या अरामी कागदपत्रांनी सिद्ध केले आहे. पण जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाचा तेविसावा अध्याय स्पष्ट सांगतो, की ज्याचे पुरुषत्व छाटले गेले आहे त्याला परमेश्वराच्या मंडळीत स्थान नाही. इतक्या दूरची वाट तुडवून आलेला हा खजिनदार त्या नियमामुळे बाहेरच उभा होता.

परतताना तो गज्जाच्या, म्हणजे आजच्या गाझाच्या रस्त्यावर रथात बसून यशया संदेष्ट्याची गुंडाळी मोठ्याने वाचत होता. फिलिप्पाने ते ऐकले. हा फिलिप्प बारा प्रेषितांपैकी नव्हे. यरुशलेमच्या मंडळीत विधवांच्या अन्नवाटपासाठी नेमलेल्या सात जणांपैकी तो एक. ‘वाचता ते समजते का?’ असे त्याने विचारले. कोणी समजावल्याशिवाय कसे कळणार, म्हणून खजिनदाराने त्याला शेजारी बसवून घेतले. उतारा त्रेपन्नाव्या अध्यायातला होता: कापायला नेलेल्या मेंढरासारखा मुकाट राहणारा, न्याय हिरावला गेलेला, ज्याच्या पिढीची गणती कोणी करणार नाही असा सेवक. वंश नसलेल्या माणसाने नेमक्या याच ओळींवर थांबून विचारावे, की संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, यात मला फार मोठा अर्थ दिसतो.

१९४७ साली मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत यशयाची संपूर्ण हिब्रू गुंडाळी मिळाली. चामड्याचे सतरा तुकडे शिवून केलेली, सात मीटरहून लांब, चौपन्न रकान्यांची. खजिनदाराची प्रत बहुधा ग्रीक असावी, कारण लूकने दिलेला उतारा ग्रीक भाषांतराशी जुळतो. पण कुमरानची गुंडाळी पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. त्रेपन्नाव्या अध्यायापासून दोन-तीन रकाने पुढे गेले की छप्पन्नावा अध्याय लागतो. तिथे देव परक्यांनाही जवळ करतो आणि खोजांना वचन देतो, की माझ्या घरात त्यांना मुलामुलींपेक्षा श्रेष्ठ नाव मिळेल. ज्या माणसाला एका ग्रंथाने बाहेर ठेवले, त्याच्यासाठी दुसऱ्या ग्रंथाने जागा राखून ठेवली होती.

वाटेत पाणी लागले. खजिनदाराने विचारले, ‘माझा बाप्तिस्मा व्हायला अडचण काय?’ सर्वांत जुन्या हस्तलिखितांत या प्रश्नाला शब्दांनी उत्तरच नाही. दोघे पाण्यात उतरतात, एवढेच. विश्वासाची कबुली देणारे ३७वे वचन मागाहून आले. इ.स. १८०च्या सुमारास लिहिणाऱ्या बिशप इरेनिअसला ते ठाऊक होते, आणि विद्वान इरॅस्मसने नव्या कराराच्या १५१६च्या ग्रीक आवृत्तीत ते एका हस्तलिखिताच्या समासातून उचलून घेतले. आजच्या बहुतेक आवृत्त्या ते तळटीपेत देतात. कुणा श्रद्धाळू लेखनिकाला वाटले असणार, की इतक्या सहज प्रवेश कसा द्यावा, आधी कबुली तरी हवी. मूळ कथेला मात्र तसे वाटले नाही.

इरेनिअस आणि चर्चचा इतिहासकार युसेबियस दोघेही सांगतात, की या खजिनदाराने मायदेशी जाऊन शुभवर्तमान सांगितले. पुरातत्त्वाचा पुरावा वेगळा आहे. शेजारच्या अक्सुममध्ये एझाना राजा चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला आणि त्याच्या नाण्यांवर क्रूस आला. कूशच्या जागी पुढे उभी राहिलेली नूबियाची राज्ये सहाव्या शतकात या धर्माकडे वळली. फरस येथील त्यांच्या कॅथेड्रलमधील शंभराहून अधिक भित्तिचित्रे १९६०च्या दशकात अस्वान धरणाच्या पाण्यात बुडण्यापूर्वी पोलिश पथकाने सोडवली. खजिनदाराने कूशमध्ये मंडळी स्थापल्याचा एकही अवशेष नाही.

पण त्याचे मोठेपण मंडळी स्थापण्यावर अवलंबून नाही. लूकने ही कथा पौलाच्या परिवर्तनाआधी आणि कर्नेल्य या रोमन शताधिपतीच्या बाप्तिस्म्याआधी मांडली आहे. परक्यांना कोणत्या अटींवर आत घ्यायचे, यावर यरुशलेममध्ये वडीलधाऱ्यांची सभा भरली ती इ.स. ४९च्या सुमारास. खजिनदाराला तोवर थांबावे लागले नाही. कोणाची परवानगी न मागता, त्याच्या देहाची वा देशाची चौकशी न करता, विधवांना अन्न वाढणाऱ्या एका माणसाने त्याला आत घेतले. ख्रिस्ती धर्माने पुढे अनेकदा दारावर पहारे बसवले: वंशाचे, वर्णाचे, आणि आपल्याकडे जातीचेही. त्या प्रत्येक पहारेकऱ्याला या खजिनदाराच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.