फियाट की पिकअप? दिग्रसमध्ये कोणती गाडी कशासाठी, समजून घ्या

दिग्रसहून दारव्हा, आर्णी किंवा पुसदकडे निघा. हंगामात कापूस-सोयाबीन घेऊन जाणारी पिकअप हमखास दिसते. जुनी फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी मात्र आता क्वचितच. मग घरातली जुनी फियाट ठेवायची, की ती काढून पिकअप घ्यायची? दोन्ही गाड्या शेजारी ठेवून पाहू.

इंजिन आणि बांधणी

पद्मिनी मुंबईच्या कुर्ल्यात बनत असे. इटलीच्या फियाटच्या परवान्यावर १९६४ पासून निघालेल्या ११०० डिलाइटला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन १,०८९ सीसीचे, पेट्रोलवर चालणारे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती.

बोलेरो पिकअपचे डिझेल इंजिन २,५२३ सीसीचे, ताकद सुमारे ७५ अश्वशक्ती. पण खरा फरक खालच्या सांगाड्यात आहे. पिकअपची बॉडी जाड लोखंडी चेसिसवर बसवलेली असते, पद्मिनीत बॉडी हाच सांगाडा. म्हणूनच पिकअप मॉडेलनुसार १.३ ते २ टन माल उचलते, तर पद्मिनी पाच माणसे आणि थोडे सामान.

कापूस आणि सोयाबीनचा हिशेब वेगळा

१.७ टनांची क्षमता म्हणजे १७ क्विंटल. सोयाबीनची पोती भरताना ही मर्यादा हौदा भरण्याआधीच गाठली जाते. कापूस हलका, त्यामुळे हौदा आधी भरतो. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास २० हजार रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २ हजार रुपये, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे.

हौद्यात माणसे नकोत

वेचणीला मजूर किंवा लग्नाला वऱ्हाड पिकअपच्या हौद्यात बसवून नेले जाते. तिथे ना सीट, ना पट्टा. अपघात झाला तर अशा प्रवाशांची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते आणि बोजा गाडीमालकावर येतो. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी एवढ्यांनाच कायद्याने विम्याचे संरक्षण आहे.

कागदपत्रांचे काय?

• पिकअप: पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र.

• जुनी मोटार: १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण. २० वर्षांवरील मोटारीसाठी २०२५ पासून शुल्क १० हजार रुपये.

• व्हिंटेज नोंदणी: २०२१ च्या नियमानुसार, गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर १० वर्षांसाठी. पहिल्यांदा २० हजार, फेरनोंदणीला ५ हजार रुपये. क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात.

व्हिंटेज नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

मग निर्णय कसा घ्यायचा?

माल वाहायचा असेल तर पिकअपला पर्याय नाही. पण पिकअप आली म्हणून घरच्यांच्या प्रवासाचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी बस, जीप किंवा वेगळी मोटार लागेलच. फियाट ठेवायची असेल तर आधी आरसीवरचे वर्ष पाहा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येते. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचे रबरी भाग आणि पेट्रोलचे पाइप मेकॅनिककडून तपासून घ्या.