कंपवाताचे औषध व अनावर हालचाली

नरडाण्यासारख्या गावी घरच्या वडीलधाऱ्या मनुष्यास कंपवात जडला आणि औषध लागू पडले, म्हणजे मंडळींचा जीव भांड्यात पडतो. परंतु काही वर्षांनी तोच मनुष्य गोळी घेतल्यावर तास-दीड तासाने मान, खांदे व पाय नागमोडी हलवू लागतो. कोणी म्हणतो, रोग बळावला, गोळी वाढवा. कोणी म्हणतो, औषध बाधले, बंद करा. हे दोन्ही सल्ले अपायकारक असल्याने या प्रकाराचा उलगडा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कंपवातात मेंदूतील डोपामिन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी झिजतात. त्याची उणीव लेव्होडोपाने भरून निघते. हेच लेव्होडोपा आपल्या खाजकुहिलीच्या बियांत असल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली दाखविले; १९६७ साली जॉर्ज कोट्झियास यांनी त्याच्या मोठ्या मात्रेचा गुण जगापुढे मांडला.

पांझरेकाठची फड पद्धत ज्यांस ठाऊक आहे, त्यांस पुढील गोष्ट सहज पटेल. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते आणि पाटकरी ते पाळीपाळीने, बेताने शेतांस देतो. आरंभी उरलेल्या पेशी हेच काम करतात; गोळीपासून झालेले डोपामिन साठवून सावकाश सोडतात. पेशी फार घटल्या म्हणजे पाटकरीच उरत नाही. मग सेरोटोनिनच्या पेशी लेव्होडोपाचे डोपामिन करू लागतात. पण ते किती सोडावे याचा धरबंध त्यांच्यापाशी नसतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. गोळी चढली की पूर, उतरली की कोरड! पुरात अनावर हालचाली, कोरडीत ताठरपणा. चार ते सहा वर्षांच्या उपचारानंतर सुमारे ४० टक्के रोग्यांस हा त्रास होतो.

म्हणून औषधच लांबणीवर टाकावे काय? मुळीच नाही. घाना व इटली येथील रोग्यांची तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. घानातील रोग्यांस औषध पुष्कळ उशिरा मिळाले होते. तरी रोगाच्या आरंभापासून मोजता हालचाली सुमारे तितक्याच काळाने दिसू लागल्या. रोगाचे वय व गोळीची मात्रा हीच महत्त्वाची ठरली. औषध टाळून रोग्याची चालती-बोलती वर्षे मात्र वाया जातात.

घरच्यांनी एक वही ठेवावी. गोळी केव्हा घेतली, जेवण केव्हा झाले, हालचाली केव्हा सुरू झाल्या, अंग केव्हा ताठरले, हे तीत लिहावे. डाळ, दूध अशा प्रथिनयुक्त अन्नाबरोबर घेतलेल्या गोळीचा गुण कित्येकांस कमी येतो, तेही वहीवरून कळते. धुळ्यास वा नाशिकास तज्ज्ञापुढे रोगी थोडाच वेळ बसतो, आणि तेवढ्यात पूर किंवा कोरड दिसेलच असे नाही. वहीत मात्र दोन्ही असतात. तीवरून डॉक्टर मात्रा विभागून देतील, अमँटाडिन जोडतील, किंवा निवडक रोग्यांस मेंदूतील शस्त्रक्रिया सुचवतील. आपण होऊन गोळी एकाएकी बंद केल्यास तीव्र ताप व ताठरपणा येऊन प्राणावर बेतू शकते, हे मात्र कोणीही विसरू नये.